आधी पोटऱ्या बघा: शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत दोन शरीरांची तुलना कशी करायची

बेळगावात शरीरसौष्ठवाची स्पर्धा असली की निम्मे प्रेक्षक कुस्तीच्या मैदानातून आलेले असतात. आनंदवाडीच्या आखाड्यात जोडी बघून बघून त्यांचा डोळा तयार झालेला असतो. त्या डोळ्याला जाड मान आवडते, भरलेली कंबर आवडते, आणि टाळ्याही तिथंच पडतात. मग निकाल लागतो. पहिला नंबर भलत्याच पोराला मिळतो आणि कपिलेश्वर उड्डाणपुलापर्यंत एकच चर्चा चालते, "पंचांनी खाल्लं बे!"

मीही बरीच वर्षं हेच म्हणत आलो. एका स्पर्धेत पंचांच्या टेबलाशेजारी बसून चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा गंमत म्हणून मी माझीही यादी केली. ज्याला मी पहिला दिला होता तो पाचवा आला. शेजारच्या म्हाताऱ्या पंचांनी माझा कागद बघितला आणि म्हणाले, "नुसते दंड बघूलालास की रे. बैल घेताना शिंगं बघून घेतोस काय?"

बैलबाजारात जाणता माणूस आधी खूर बघतो, उभं राहणं बघतो, चालवून बघतो. वशिंड आणि शिंगं शेवटी. शरीरसौष्ठवात तुलना करायची रीतही जवळपास हीच आहे. जे आपोआप डोळ्यात भरतं ते शेवटी बघायचं, आणि जिकडं नजर जात नाही तिथून सुरुवात करायची. पुढं लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

बसायचं कुठं

स्टेजच्या अगदी पायथ्याशी बसू नका. पोरं तिथंच गर्दी करतात, कारण तिथून शिरासुद्धा दिसतात. पण खालून वर बघितलं की मांड्या मोठ्या आणि खांदे अरुंद दिसतात. स्टेजच्या बरोबर मध्यभागी, वीस-पंचवीस फूट मागं, शक्यतो आपली नजर खेळाडूच्या कमरेच्या उंचीला येईल अशी जागा धरा. पंचांची टेबलं साधारण मधोमध असतात ती उगीच नव्हे. कडेला बसलात तर लाइनअपमधला, म्हणजे स्टेजवरच्या ओळीतला, जवळचा खेळाडू रुंद आणि पलीकडचा बारीक वाटणार, त्याला इलाज नाही.

दिवे कुठून पडतात ते स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच बघून ठेवा. आपल्याकडं मोकळ्या मैदानात मांडव घालून स्पर्धा होतात आणि दिवे बहुतेक वेळा मंडपवाल्याच्या सोयीनं लागतात. वरून उजेड पडला की स्नायूंच्या खाचांत सावली पडते आणि कट्स, म्हणजे स्नायूंमधल्या चिरा, उठून दिसतात. समोरून भगभगीत प्रकाश पडला तर तेच शरीर पापडासारखं सपाट. स्टेजच्या दोन्ही टोकांना अंधार असेल तर टोकाला उभ्या राहिलेल्या पोराबद्दल घाईनं मत बनवू नका. त्याला मध्ये बोलावतील तेव्हा बघा.

वही घ्या, पेन्सिल घ्या. नाव लिहू नका, फक्त चड्डीला लावलेला नंबर लिहा. नाव लिहिलं की गल्ली आठवते, गल्ली आठवली की मंडळ आठवतं, आणि मग वडगावचा की शहापूरचा हा हिशेब सुरू होतो. मोबाइल खिशात ठेवा. व्हिडिओ काढणारा माणूस स्पर्धा बघत नाही, स्क्रीन बघतो.

पोझ लागायच्या आधीच निम्मं काम होतं

स्पर्धक ओळीत येतात आणि चार क्वार्टर टर्न घेतात, म्हणजे समोर, एक कूस, पाठ, दुसरी कूस. हा भाग प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटतो. लोक भेळ आणायला जातात. तुम्ही जाऊ नका. पोझमध्ये खेळाडू स्वतःला हवं तेच दाखवतो. नुसता उभा असतो तेव्हा जे आहे ते दिसतं.

इथं पहिलं काम म्हणजे डोळे किलकिले करायचे. स्नायू पुसट होऊ द्या, फक्त बाह्यरेषा उरू दे. गणपतीचा मूर्तिकार कच्च्या मूर्तीपासून चार पावलं मागं जाऊन डोळे बारीक करतो तसं. १४ सप्टेंबर १९०१ रोजी त्या काळचा नामवंत शरीरसौष्ठवपटू युजीन सँडो यानं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिली मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली, तेव्हा परीक्षकांत सर चार्ल्स लॉज हे शिल्पकार होते. दुसरे होते शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल. शिल्पकार बोलावण्यात सँडोची अक्कल दिसते. वजन मोजायला काटा पुरतो, प्रमाण मोजायला डोळा लागतो.

बाह्यरेषेत काय शोधायचं? खांदे रुंद, कंबर बारीक, मांड्या बाहेर झुकलेल्या. इंग्रजी एक्स अक्षर डोळ्यापुढं आणा. वरच्या दोन रेघा खांद्यांच्या, खालच्या दोन मांड्यांच्या, फुली कमरेवर. ज्याची फुली जास्त घट्ट तो बाह्यरेषेत पुढं. पैलवानाचं शरीर इथंच मागं पडतं. कुस्तीला जाड, घट्ट कंबर लागते, तिच्यातूनच ताकद निघते. सौष्ठवात तीच कंबर एक्सचा आय करून टाकते. दोन्ही शरीरं आपापल्या जागी थोरच आहेत, पण तराजू वेगळा आहे.

मग हाडं बघा. हो, हाडंच. गळ्याखालच्या हाडांची लांबी, कमरेच्या हाडांची रुंदी, बरगड्यांचा पिंजरा, धड लांब की पाय लांब. व्यायामानं यातलं काही बदलत नाही. अरुंद हाडांच्या खांद्यावर कितीही मांस चढवलं तरी तो गोल होतो, रुंद होत नाही. स्नायू हाडाला कुठं चिकटतो हेही जन्मानंच ठरतं. काहींची पोटरी घोट्याच्या जवळपर्यंत भरलेली असते, काहींची गुडघ्याखालीच संपते आणि खाली नुसती काठी. काहींचा बायसेप, म्हणजे दंडाचा पुढचा स्नायू, कोपरापर्यंत पोचतो, काहींच्यात मध्ये दोन बोटांची फट राहते. हे बघून कुणाला हसायचं नाही, पण तुलनेत ते धरावंच लागतं.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी दोन जुने हिशेब सांगतो. १९५० चा मिस्टर युनिव्हर्स स्टीव्ह रीव्हज याचं म्हणणं होतं की दंड, पोटरी आणि मान यांचा घेर एकसारखा असावा. शिवाय दंड मनगटाच्या २५२ टक्के आणि पोटरी घोट्याच्या १९२ टक्के. म्हणजे मनगट ७ इंच असेल तर दंड साधारण साडेसतरा इंच आणि पोटरीही तेवढीच. दुसरा हिशेब व्यायामावर लिहिणाऱ्या जॉन मॅकॅलमचा. छाती मनगटाच्या साडेसहा पट, आणि मग कंबर छातीच्या ७० टक्के, मांडी ५३ टक्के, दंड ३६ टक्के, पोटरी ३४ टक्के. त्याच ७ इंच मनगटाला छाती साडेपंचेचाळीस आणि कंबर बत्तीसच्या आसपास येते. आजच्या खुल्या गटातल्या शरीरांना हे आकडे अपुरे पडतात, आणि स्टेजवर कुणी टेप लावत नाही. तरी एकदा तालमीतल्या चार पोरांची मापं घेऊन बघा. कुणाचा दंड पोटरीपेक्षा दोन-अडीच इंच पुढं पळालाय ते कळतं, आणि नंतर तीच तफावत लांबूनही ओळखता येते.

उंची आणि वजन यांनी मात्र फसू नका. बंगालचे शरीरसौष्ठवपटू मनोहर ऐच यांची उंची ४ फूट ११ इंच. १९५२ मध्ये त्यांनी मिस्टर युनिव्हर्समध्ये आपल्या उंचीचा गट जिंकला. फ्रँक झेननं १९७७ ते १९७९ अशी सलग तीन वर्षं मिस्टर ऑलिंपिया ही व्यावसायिकांची सर्वांत मोठी स्पर्धा घेतली तेव्हा त्याचं वजन साधारण ८४ किलो होतं आणि शेजारी त्याच्याहून बरेच धिप्पाड गडी उभे असायचे. त्याआधी १९६८ मध्ये मायामीत त्यानं आर्नोल्ड श्वार्झनेगरलाही हरवलं होतं. धिप्पाडपणाच सगळं असता तर पंचांची गरजच नव्हती, काटा पुरला असता.

नजर फिरवायची रीत

आता मुख्य गोष्ट. नवा माणूस १४ नंबरला पायापासून डोक्यापर्यंत बघतो, मग २२ नंबरला बघतो आणि ठरवतो. तोवर १४ नंबरचं जे बघितलं ते निम्मं विसरलेलं असतं. लक्षात राहतात ते फक्त दंड. म्हणून एक खेळाडू पूर्ण बघायचा नाही. एक अवयव दोघांचा बघायचा. याच्या पोटऱ्या, त्याच्या पोटऱ्या. याच्या मांड्या, त्याच्या मांड्या. कापडाच्या दुकानात दोन ताग्यांचे काठ आपण शेजारी धरतो, तसं.

खालून वर जा. शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं नियमपुस्तक पंचांना डोक्याकडून पायाकडं बघत यायला सांगतं, आणि मुरलेल्या पंचाला ते ठीक आहे. नवख्याला मी उलटं सांगतो, कारण वरून निघालेली नजर दंडापाशी अडकते आणि पुढं उतरतच नाही. आपल्याकडं तर पोरं वर्षभर बेंच आणि डंबेल मारतात, पायाचा दिवस आला की कुणाचं तरी लग्न असतं. त्यामुळं निकाल बहुतेक वेळा गुडघ्याखालीच लागतो.

एक पोझ पाच-सात सेकंद टिकते. तेवढ्यात दोघांचे सगळे अवयव होत नाहीत. म्हणून एका पोझमध्ये एकच प्रश्न विचारा आणि वहीत त्या पोझपुढं जिंकणाऱ्याचा नंबर टाका. बरोबरी वाटली तर बरोबरी लिहा. उत्तर ओढूनताणून काढू नका. पंच पुन्हा तुलना मागतात तेव्हा राहिलेलं बघून घ्या. जागेची अदलाबदल करून मागितली तर खास लक्ष द्या. अंधारातला उजेडात आला की चित्र पालटतं, आणि उंच गड्याच्या शेजारून सुटला की बुटका एकदम भरल्यासारखा दिसतो.

पोझा एकेक करून

सक्तीच्या सात पोझा असतात. सगळ्यांचं महत्त्व सारखं नाही, निदान माझ्या मते.

फ्रंट डबल बायसेप्स. दोन्ही हात वर, कोपरात वाकलेले, मुठी खाली वळलेल्या. सगळी गर्दी बायसेपचा डोंगर बघत असते. तुम्ही पायांपासून सुरू करा. मांडी आवळलेली आहे का, की वर दंड फुगवण्याच्या नादात पाय सैल सोडलेत? मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू आहेत. गुडघ्याच्या आतल्या बाजूला थेंबासारखा उतरणारा आणि बाहेरच्या कडेनं फुगवटा देणारा, हे दोन वेगळे दिसायला हवेत. मग कंबर. हात वर गेले की श्वास वर जातो, आणि ज्याचा पोटावर ताबा नाही त्याचं पोट पुढं येतं. ही पोझ पोटाची चुगली करते. मग विंग्ज, म्हणजे काखेखालचे पाठीचे रुंद स्नायू (लॅट). हात वर असतानाही काखेखालून कमरेपर्यंत तिरपी रेघ उतरते का, की काखेतून सरळ खाली येते? आणि शेवटी दंड. त्यातही नुसती उंची बघू नका. बायसेपची दोन डोकी वेगळी दिसतात का, खालच्या अंगाला लोंबणारा ट्रायसेप (दंडाचा मागचा स्नायू) किती भरलाय, आणि मनगटाच्या वरचा हात या सगळ्याला शोभतो का. दंड मोठा आणि फोरआर्म काडीसारखा असं बऱ्याचदा दिसतं.

दोन्ही दंडांची उंची सारखी आहे का तेही इथंच कळतं. मिस्टर ऑलिंपिया डोरियन येट्सचा डावा बायसेप १९९४ मध्ये फाटला होता. समोरच्या या पोझमध्ये ते झाकता येत नव्हतं. तरीही त्या वर्षी ऑलिंपिया त्यानंच जिंकली, कारण पाठ फिरवली की त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. एक दोष म्हणजे पराभव नव्हे. तो किती पोझांत दिसतो आणि बाकी पोझांत किती वसूल होतो, असा हिशेब असतो.

फ्रंट लॅट स्प्रेडला (हात कमरेवर, विंग्ज फाकवून) फार वेळ घालवू नका. विंग्जची रुंदी आणि छातीची जाडी बघा, आणि खांदे कानाकडं उचलून रुंदीचा आव आणतोय का तेवढं तपासा.

साइड चेस्ट. इथं बघायची ती जाडी, समोरून न दिसणारी. छातीचा वरचा भाग गळ्याखालून भरलेला आहे का? की खाली नुसती लोंबलेली? पंचांकडचा पाय गुडघ्यात वाकवून चवड्यावर असतो, त्यामुळं पोटरी आणि मांडीची मागची बाजू दोन्ही दिसतात. आणि एक गोम. कोणती कूस दाखवायची हे खेळाडू स्वतः ठरवतो, तेव्हा तो चांगलीच कूस दाखवणार. दुसरी कूस तुम्ही क्वार्टर टर्नमध्ये बघितलेली असली पाहिजे. भेळेला जाऊ नका म्हटलं ते यासाठी.

बॅक डबल बायसेप्स. एकच पोझ बघायला मिळेल असं कुणी म्हटलं तर मी हीच मागेन. मानेपासून पोटरीपर्यंत सर्वाधिक स्नायू एकाच वेळी उघडे पडतात, आणि आरशात स्वतःची पाठ दिसत नसल्यामुळं पुढून चोख असणारी कितीतरी पोरं इथं गळतात. एक पाय मागं घेऊन चवड्यावर टेकलेला असतो. आधी तीच पोटरी. मग मांडीची मागची बाजू: ती लोंबलेली, गुळगुळीत आहे की तीत उभ्या चिरा आहेत? मग नितंब. पूर्ण सुकलेल्या, म्हणजे कातडीखालची चरबी आणि पाणी काढलेल्या, खेळाडूच्या नितंबांवरही आडव्या रेघा दिसतात. अर्धवट सुकलेल्याचे नुसते गोल. मग कमरेचा खालचा भाग. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे दोन जाड दोर, आणि चरबी नसेल तर तिथं उलट्या झाडासारखी नक्षी. मग विंग्ज किती खाली उतरतात ते बघा. काहींचे कमरेजवळ येतात, काहींचे बरगड्यांच्या मध्यावरच संपतात. त्यानंतर खांद्याच्या पात्यांभोवतीचे बारीक स्नायू, मान आणि खांद्यामधला ट्रॅप, मागचा खांदा. दंड? दंड सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

या पोझला गर्दी शांत असते. टाळ्या पुढच्या पोझांना पडतात आणि गुण पाठीला मिळतात. प्रेक्षक आणि पंच यांच्यातली बरीचशी भांडणं इथूनच निघतात असं मला वाटतं.

बॅक लॅट स्प्रेडमध्ये रुंदी बघा. पाठीची जाडी मघाशी बघून झालीच. साइड ट्रायसेप्समध्ये ट्रायसेपचा घोड्याच्या नालेसारखा आकार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाजूनं पोट सपाट राहतंय का. ॲब्डॉमिनल अँड थायला दोन्ही हात डोक्यामागं, एक पाय पुढं. सहा चौकोन मोजण्यापेक्षा बरगड्यांवरची करवतीसारखी रांग आणि कमरेच्या कडा बघा. चौकोन सरळ रांगेत नसतील तर तो दोष धरू नका, ती जन्मजात घडण असते.

सुकलेपणा, फुगलेपणा आणि लबाडी

आकार आणि प्रमाण बरोबरीत असलं की निर्णय सुकण्यावर जातो. चांगला सुकलेला खेळाडू चेहऱ्यावरून नाही, कमरेवरून आणि मांडीच्या आतल्या बाजूवरून ओळखा. चेहरा तर उपासानंही खप्पड होतो. कातडी आणि स्नायू यांच्यात पाण्याचा थर राहिला तर शरीर ओल्या कापडासारखं दिसतं. कट्स आहेत, पण पुसट. याच्या उलट, पाणी काढण्याच्या नादात काही पोरं इतकी सुकतात की स्नायू सपाट होतात. मोठं असूनही शरीर रिकामं दिसतं, शिरा असतात पण फुगवटा नसतो. पाणी तोडणं आणि लघवीच्या गोळ्या घेणं हा जिवाशी खेळ आहे. बॅकस्टेजला पायात गोळे येऊन लोळणारी पोरं मी बघितली आहेत.

टॅन, म्हणजे अंगाला फासायचा गडद रंग, नीट न लावलेलं गोरं पोर दिव्यात सपाट दिसतं, तेव्हा दोन स्पर्धकांच्या रंगात फार फरक असेल तर सावकाश ठरवा. तेल जास्त झालं तर चमक येते आणि कट्स झाकले जातात.

दंडात तेल टोचून फुगवलेले नमुने अधूनमधून येतात. ओळखायला सोपे आहेत. दंड सैल असताना आणि आवळल्यावर आकार जवळपास तसाच राहतो, दोन डोक्यांमधली फट दिसत नाही, आणि खांद्याशी तो अवयव जोडल्यासारखा दिसतो, उगवल्यासारखा नाही.

एक जोडी सोडवून बघू

समजा ७० किलोच्या गटात १४ आणि २२ नंबर समोरासमोर आलेत. १४ बुटका, जाड, दंड पावणेअठरा इंचांचा वाटतो, छाती ढालीसारखी. २२ दोन इंचांनी उंच, त्याच वजनाचा, म्हणजे साहजिकच बारीक दिसणार.

क्वार्टर टर्नमध्ये १४ ची कंबर रुंद निघते. २२ ची एक्स घट्ट. वहीत २२. फ्रंट डबल बायसेप्सला १४ चे दंड सरळ सरळ जिंकतात, पण पोट थोडं सुटतं. मी इथं १४ लिहीन, पण शेजारी प्रश्नचिन्ह टाकीन. फ्रंट लॅट स्प्रेड, १४. साइड चेस्ट, १४, यात वाद नाही. बॅक डबल बायसेप्सला १४ ची मांडी मागून गुळगुळीत, कमरेवर चरबीची झाक, आणि पोटरी गुडघ्याखालीच संपलेली. २२ ची पाठ कमरेपर्यंत कोरलेली. २२, आणि खाली दोन रेघा. बॅक लॅट स्प्रेड, २२. साइड ट्रायसेप्स, दंड १४ चा पण पोट २२ चं, म्हणून बरोबरी. ॲब्डॉमिनल अँड थाय, २२.

मोजणी केली तर क्वार्टर टर्नसकट २२ ला चार, १४ ला तीन, एक बरोबरी. पण मी नुसती मोजणी करत नाही. जिंकताना १४ किती फरकानं जिंकला आणि हरताना किती फरकानं हरला ते बघतो. पुढून त्याची आघाडी वीतभर, मागून त्याची पिछाडी हातभर. २२ पहिला. प्रेक्षक १४ साठी ओरडतील, मराठीत ओरडतील, कन्नडमध्ये ओरडतील, आणि घरी जाताना पंचांच्या नावानं बोटं मोडतील.

फोटोवरून तुलना करायची असेल तर

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर दोन फोटो शेजारी चिकटवलेले फिरायला लागतात. त्यातले बहुतेक तुलनेच्या लायकीचे नसतात. आधी या गोष्टी तपासा: पोझ तीच आहे का, पोझच्या त्याच क्षणाचा फोटो आहे का, कॅमेरा त्याच उंचीवरून आहे का, आणि दोघं एकाच स्टेजवर आहेत का. एक फोटो जिममधला पंप मारल्यानंतरचा (व्यायामानं स्नायू फुगवल्यावरचा) आणि दुसरा स्टेजवरचा असेल तर पुढं सरकूच नका.

मोबाइलनं जवळून काढलेल्या फोटोत जे कॅमेऱ्याच्या जवळ ते मोठं होतं. साइड चेस्टमध्ये पुढचा दंड डोक्याएवढा दिसतो तो यामुळंच. लांबून, झूम करून काढलेला फोटो जास्त प्रामाणिक. दोघं एकाच लाइनअपमध्ये शेजारी उभे असलेला एकच फोटो मिळाला तर उत्तमच, मग बाकी खटाटोप लागत नाही.

वेगवेगळे फोटो असतील तर दोघांची उंची स्क्रीनवर सारखी करून घ्या, टाचेपासून टाळूपर्यंत. मग क्वार्टर टर्नच्या समोरच्या फोटोत खांद्याची रुंदी आणि कमरेची रुंदी पट्टीनं मोजा. समजा एकाचे खांदे ४१.२ आणि कंबर २५.८ मिलिमीटर भरली, तर गुणोत्तर १.६०. दुसऱ्याचे ३९ आणि २३, गुणोत्तर १.७०. पहिला रुंद आहे, पण दुसऱ्याची बाह्यरेषा सरस. हात वर केलेल्या पोझमध्ये हे माप घेऊ नका, तिथं खांद्याची कड कुठं धरायची यावरच भांडण होतं. मग मूर्तिकाराची आणखी एक युक्ती वापरा, फोटो आरशात बघितल्यासारखा उलटा करा. ओळखीचा चेहरा अनोळखी होतो आणि डावं-उजवं यातला फरक पटकन दिसतो. चेहऱ्यावर अंगठा ठेवला तरी निम्मा पक्षपात जातो.

पोटऱ्या कापलेला फोटो आला तर का कापल्या ते विचारा.

वहीचे आकडे आणि निकाल

पंच गुण देत नाहीत, क्रमांक देतात. पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि ज्याची बेरीज कमी तो जिंकतो. नऊ पंच असले तर प्रत्येक खेळाडूचे दोन सर्वांत वरचे आणि दोन सर्वांत खालचे आकडे काढून टाकतात आणि उरलेल्या पाचांची बेरीज धरतात. पंच कमी असले तर वरचा एक, खालचा एक. समजा १४ नंबरला १, १, १, १, २, २, २, ३, ४ असे क्रमांक मिळाले. काढाकाढी करून उरतात १, १, २, २, २, बेरीज ८. २२ नंबरला पाच पंचांनी पहिला आणि चौघांनी दुसरा दिला; उरतात १, १, १, २, २, बेरीज ७. एका अंकाचा फरक. म्हणजे नऊतल्या चार पंचांना १४ च पहिला वाटला होता, आणि उड्डाणपुलावर भांडणारे अगदीच वेडे नव्हते.

निकाल लागल्यावर तुमची यादी शेजारी ठेवा. एखाद्या जागेचा फरक सोडून द्या. दोनपेक्षा जास्त जागांचा फरक पडला असेल, तर त्या खेळाडूचे पाठीचे फोटो मिळवा आणि बॅक डबल बायसेप्स पोटरीपासून पुन्हा बघा. माझ्या पहिल्या यादीतल्या त्या पाचव्या आलेल्या पोराचा पाठीचा फोटो मी नंतर मिळवला होता. पोटऱ्या नव्हत्याच.